केस कोरडा असतो म्हणजे काय?

नववीच्या वर्गाला हवेतली आर्द्रता शिकवायची होती, म्हणून केसाचा आर्द्रतामापक करायला घेतला. साहित्य अगदी घरचे. जाड पुठ्ठा, टाचणी, खराट्याची एक काडी, गोंद आणि वीतभर लांबीचा एक केस. केसाचे वरचे टोक पुठ्ठ्याला चिकटवायचे, खालचे टोक काडीला टाचणीच्या अगदी जवळ बांधायचे. हवा दमट झाली की केस लांबतो आणि काडीचे मोकळे टोक खाली झुकते. केस लांबतो तो जेमतेमच. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला, तर वीतभर केस चार-पाच मिलिमीटरने वाढतो. म्हणून काडी लांब घ्यायची, म्हणजे ही एवढीशी वाढ डोळ्यांना दिसेल इतकी मोठी होते.

सहा गटांनी सहा उपकरणे केली. आत ओले फडके लावलेल्या खोक्यात एकेक ठेवून पाहिले. पाच गटांचे काटे रेंगाळले. कोणाचा थोडा हलला, कोणाचा हलला की नाही यावरच वाद. सहाव्या गटाचा काटा मात्र पाहता पाहता खाली आला आणि खोक्याबाहेर काढल्यावर तसाच वर गेला. पाच गटांतल्या मुलींचे केस सकाळी चोपडून तेल लावलेले होते. सहावा केस ज्या मुलीचा होता, तिला मी महिनाभर प्रार्थनेच्या रांगेत सांगत आलो होतो, ‘केसांना तेल लावून येत जा.’

प्रयोग का फसला हे वर्गाने विचारले. त्याचे उत्तर शोधताना मी सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे गेलो, आणि परत येताना कोरड्या केसांविषयीच्या माझ्या बऱ्याच समजुती वाटेत गळून पडल्या.

ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर (१७४०–१७९९) हा जिनिव्हाचा प्राध्यापक. आल्प्स पर्वत हे त्याचे खरे कार्यक्षेत्र. खडक, हिमनद्या, उंचीवरची हवा या सगळ्याचा त्याने पायी हिंडून अभ्यास केला आणि १७८७ साली उपकरणांसह मों ब्लां हे शिखर गाठले. हवेतला ओलावा मोजायला त्या काळी तातीचा पीळ, गवताचे कुसळ अशा नाना वस्तू वापरत. दमट हवेत त्या फुगतात किंवा पीळ सोडतात. पण दोन माणसांच्या दोन उपकरणांचे आकडे जुळत नसत. सोस्यूरने माणसाचा केस निवडला आणि १७८३ साली आर्द्रतामापनावर निबंधांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले.

केस उपकरणात लावण्याआधी त्याने काय केले, हे आमच्या वर्गाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्याने केस सोड्याच्या पाण्यात उकळले. केसावर नैसर्गिक तेलाचा थर असतो, तो गेल्याशिवाय केस पाण्याला मोकळेपणाने प्रतिसाद देत नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. किती उकळायचे यालाही मर्यादा होती, कारण जास्त उकळलेला केस खराब होतो. मग काचेच्या हंडीखाली क्षार ठेवून हवा शक्य तितकी कोरडी केली, तिथे शून्य; हंडी आतून ओली करून हवा पाण्याने तृप्त केली, तिथे शंभर. तापमापकाला जसे दोन स्थिर बिंदू, तसे त्याने आर्द्रतेला दिले. जिनिव्हाचाच झाँ-आंद्रे द्यलुक हा दुसरा संशोधक त्याच्याशी हिरिरीने भांडला. त्याच्या मते केसापेक्षा देवमाशाच्या तोंडातली बलीनची पट्टी बरी. व्यवहारात केस टिकला. हवामान खात्याच्या वेधशाळांतल्या केसाच्या आर्द्रतालेखकात विसाव्या शतकातही माणसाचे केसच होते.

म्हणजे पाहा, सोस्यूरने केस मुद्दाम ‘कोरडा’ केला, आणि तो कोरडा केस पाण्यासाठी अधिक आतुर झाला. आपण ‘कोरडा’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. एक, तेल नसलेला. दुसरा, पाणी नसलेला. पैकी तेल नसलेला केस पाणी जास्त सहज घेतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात केसातले पाणी खरोखर कमी होते, कंगवा फिरवला की केस विजेने उभे राहतात. पण तिथेही तेल काही केसाला पाणी देत नाही. तेलात पाणी असतेच कुठे?

केस पाणी घेतो म्हणजे नेमके काय होते, हे कळायला आणखी दीडशे वर्षे गेली, आणि ते कळले ते केसांच्या काळजीपोटी नव्हे, लोकरीच्या धंद्यापोटी. इंग्लंडमधले लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तिथल्या विद्यापीठात विल्यम अॅस्टबरी याने १९३० च्या सुमारास लोकर आणि केस यांतून क्ष-किरण सोडून त्यांची रचना पाहायला सुरुवात केली. केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याचे लांब रेणू केसाच्या लांबीला धरून रचलेले असतात. त्यांची वेटोळी नेमकी कशी, हे १९५१ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुचवले. पाणी या उभ्या रेणूंच्या मधे शिरते आणि त्यांना बाजूला सारते. म्हणून भिजलेला केस लांबीला दोन टक्केच वाढतो, पण जाडीला सुमारे पंधरा टक्के. वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी तो सामावून घेऊ शकतो. सोस्यूरने दोन शतके वापरले गेलेले उपकरण केले ते केसाच्या दोन टक्क्यांवर. खरी उलथापालथ आडव्या दिशेने चालली होती.

आता या फुगण्याचा त्रास कोणाला होतो? केसाच्या बाहेरच्या आवरणाला. सूक्ष्मदर्शकाखाली केस गुळगुळीत दिसत नाही. कौलारू छपरासारखे पातळ खवले एकावर एक बसलेले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरणारे. (केसाचे टोक धरून दोन बोटे मुळाकडे फिरवा आणि नंतर उलट फिरवा. कौलांची दिशा बोटांना कळते.) या आवरणाला क्युटिकल म्हणतात. सर्वांत वरच्या कौलांवर तेलासारख्या एका आम्लाचा रेणूभर जाडीचा थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. हाही शोध लोकरीच्या संशोधकांचा, १९८० च्या दशकातला. हा थर पाणी झटकून टाकतो आणि केसाला केसावरून घसरू देतो. तो साध्या धुण्याने जात नाही. अल्कली, केस रंगवताना वापरली जाणारी विरंजके आणि ऊन यांनी जातो. गेला की परत येत नाही, कारण केस मेलेला असतो. जखम भरून काढणारे त्यात काही जिवंत नसते. मग कौले उचकटतात, केस केसात अडकतो, प्रकाश विखुरतो म्हणून चमक जाते. हाताला असा केस ‘कोरडा’ लागतो. आणि गंमत अशी की विरंजन केलेला हा ‘कोरडा’ केस पाण्यात चांगल्या केसापेक्षा जास्त फुगतो!

केसाचे वय हा मुद्दाही आपण विसरतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. कंबरेपर्यंत पोचलेल्या साठ सेंटिमीटरच्या वेणीचे टोक चार वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते. चार उन्हाळे, चार पावसाळे आणि शेकडो न्हाणी त्याने सोसलेली असतात. डोक्याच्या त्वचेतल्या तैलग्रंथींचे तेल मुळाशी पाझरते, चार वर्षांच्या टोकापर्यंत क्वचितच पोचते. टोकाला हाताने तेल लावण्याची पद्धत जगात जागोजागी का पडली असावी, हे यावरून कळते.

युरोपातही तेलाचा शौक होता. लंडनचा केशकर्तनकार रोलंड याचे ‘मकासार तेल’ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे शंभर वर्षे खपले. त्याने खुर्च्यांच्या पाठी इतक्या डागाळल्या, की त्यांवर घालायच्या विणलेल्या रुमालाला इंग्रजीत ‘अँटिमकासार’ असेच नाव पडले. आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या कोशिंबाच्या बियांच्या तेलालाही मकासार तेल म्हणतात. त्याच सुमारास पाटण्याला जन्मलेला शेख दीन महंमद (१७५९–१८५१) हा कंपनी सरकारच्या फौजेतून आयर्लंडमार्गे इंग्लंडात पोचला. १८१४ साली त्याने ब्रायटनला वाफेच्या स्नानाचे आणि अंग रगडून देण्याचे घर काढले. राजे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम यांचा तो ‘शांपूइंग सर्जन’ होता. ‘शांपू’ हा शब्द हिंदीतल्या ‘चांपो’वरून आला. त्याचा अर्थ आपल्या ‘पाय चेपणे’तल्या चेपण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत तो अंग रगडण्यावरून डोके चोळण्यावर आणि तिथून डोके धुण्यावर घसरला. आपल्याकडे परत आला तो बाटलीत भरून, आणि ज्यात मुळात तेलाची मालीश होती, तो शब्द तेल काढून टाकणाऱ्या द्रवाचे नाव होऊन आला.

तेल काढायचे कशाने, ही कोरड्या केसांच्या इतिहासातली खरी अडचण. साबण हा उत्तम मेदनाशक. मिशेल शेव्ह्रल याने १८२३ साली मेदांवरच्या ग्रंथात साबण म्हणजे मेदाम्लाचा क्षार हे स्पष्ट केले. पण केसांच्या बाबतीत साबणाचे दोन दोष आहेत. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते, त्यात केस जास्त फुगतो आणि कौले उचकटतात. दुसरा दोष आपल्या दख्खनच्या विहिरींकाठी राहणाऱ्यांना शिकवायला नको. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेला दिसते ते करड्या रंगाचे वर्तुळ म्हणजे हाच साका, आणि तोच केसाकेसावर बसतो. साबणाने न्हाल्यावर केस राठ आणि निस्तेज होतात ते निव्वळ तेल गेल्याने नव्हे. त्यांच्यावर काहीतरी चढलेलेही असते. शेवटी लिंबाच्या पाण्याने केस धुण्यात रसायनशास्त्र आहे. आम्लाने साका सुटतो आणि फुगलेला केस आवळतो.

रिठा आणि शिकेकाई यांतला फेस सॅपोनिन या द्रव्यांचा असतो. सॅपोनिनांचा कॅल्शियमशी साका होत नाही, आणि शिकेकाईचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. हा प्रयोग वर्गात जरूर करावा. तीन परीक्षानळ्यांत विहिरीचे पाणी घ्या. एकीत साबणाचे द्रावण, दुसरीत रिठ्याचे, तिसरीत शांपूचे काही थेंब टाका आणि हलवा. कोणती नळी गढूळ होते ते मुलेच सांगतील. लिटमस मात्र रंगीत पाण्यात फसवतो, म्हणून शिकेकाई गाळून आणि पातळ करून घ्यावी.

तिसऱ्या नळीत साका का होत नाही याची गोष्ट पहिल्या महायुद्धात सुरू होते. जर्मनीत मेदाची टंचाई होती, खायलाच तेल-चरबी पुरेना तर साबणाला कुठून? तेव्हापासून तिथले रसायनज्ञ साबणाच्या पर्यायामागे लागले. १९३० च्या सुमारास केमनिट्झ येथील एका कारखान्यात मेदापासून मिळणाऱ्या अल्कोहोलांची सल्फेटे यशस्वी ठरली. त्यांचा कॅल्शियमशी साका होत नव्हता आणि द्रावण अल्कधर्मी करावे लागत नव्हते. १९३३ साली बर्लिनच्या श्वार्झकॉफने अल्कलीविरहित शांपू काढला, १९३४ साली अमेरिकेत ‘ड्रीन’ आला. साबणाचे दोन्ही दोष गेले. पण नवा शांपू इतका कडक निघाला, की केसावरचे होते नव्हते ते तेल निघून गेले आणि केस पुन्हा कोरडेच! त्यावर मग धुतल्यानंतर लावायचे द्रव आले. त्यांतले धनभारित रेणू ऋणभारित केसाला चिकटून गुळगुळीत थर देतात. कापड मऊ करायलाही याच जातीचे रेणू वापरतात. कंडिशनर म्हणतात तो हाच.

या सल्फेटांपैकी सर्वांत उपयोगी ठरले बारा कार्बनच्या साखळीचे लॉरिल सल्फेट. बारा कार्बनचे लॉरिक आम्ल जगात भरपूर मिळते ते खोबरेल तेलात. खोबरेलात सुमारे निम्मे मेदाम्ल लॉरिकच असते. म्हणजे तेल काढणारा शांपूही नारळाच्याच घरचा. एका टोकाला सल्फेट जोडले की तो तेल धुऊन नेतो. तीन साखळ्या ग्लिसरॉलला जोडलेल्या राहिल्या की तेच तेल.

आता आमच्या वर्गातल्या पाच रेंगाळलेल्या काट्यांकडे वळू. तेल लावलेला केस पाणी घ्यायला आळस करतो. उपकरणाला हा दोष. पण डोक्यावरच्या केसाला? केस दर न्हाण्याला फुगतो आणि वाळताना आकसतो. आतला गाभा जितका फुगतो तितकी वरची कौले फुगत नाहीत. शेकडो वेळा हे झाले की कौले उचकटतात आणि आतले प्रथिन झिजून धुण्याच्या पाण्यात जाते. म्हणजे तेलाचे काम पाणी देण्याचे नसून पाण्याला अडवण्याचे असू शकते. असे असेल, तर तेल न्हाल्यानंतर चमकेसाठी लावण्यापेक्षा न्हाण्याआधी लावण्यात जास्त अर्थ आहे. आपल्या आज्या न्हाणीच्या आदल्या रात्री डोके तेलाने थापत ते आठवावे.

हा विचार मोजून पाहिला गेला तो मुंबईत. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांना तेल लावून, धुऊन, विंचरून किती प्रथिन निघून जाते हे मोजले. प्रथिनाचा ऱ्हास कमी केला तो एकट्या खोबरेलाने, धडधाकट केसांत आणि विरंजन केलेल्या केसांतही. कारण पुन्हा रेणूच्या आकारात. लॉरिक आम्लाच्या साखळ्या आखूड आणि सरळ, त्या केसात शिरतात आणि तिथे पाण्याला जागा कमी ठेवतात. सूर्यफुलाच्या तेलातल्या साखळ्या दुहेरी बंधांमुळे वाकलेल्या, त्या शिरत नाहीत. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही. ते वर बसून चमकते. खोबरेल आत शिरते याचा पुरावा २००१ साली प्रिन्स्टनच्या वस्त्रसंशोधन संस्थेत केसाचे आडवे छेद घेऊन, वस्तुमान वर्णपटाच्या तंत्राने मिळाला होता. (इथेही वस्त्रसंशोधन! केसांचे शास्त्र लोकर आणि कापड यांच्या उंबऱ्यावरच वाढले आहे.) एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. रेले आणि मोहिले हे खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातले, आणि प्रिन्स्टनच्या शोधनिबंधातही त्यांची नावे आहेत. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. कोणी, कशासाठी, काय मोजले हे विचारून तो वाचायचा एवढेच. त्यांनी मोजले ते प्रथिन. तेलाने केस वाढतात किंवा दाट होतात हे त्या प्रयोगात कुठेही सिद्ध झालेले नाही.

इथवर आल्यावर मला प्रार्थनेच्या रांगेतले माझे वाक्य आठवू लागले. तेल न लावण्याची कारणे घरोघर वेगळी असतात आणि तेलाची बाटली फुकट मिळत नाही, हे मला कळायला प्रयोगाची गरज पडायला नको होती. पण त्याहून मोठी एक गोष्ट आहे. काही केस कोरडे असतात ते तेलावाचून नव्हे, अन्नावाचून.

डॉ. सिसिली विल्यम्स या आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, मुलांवर उपचार करीत. १९३३ साली त्यांनी एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले: पाय सुजलेली, कातडी सोललेली, चिडचिडी लहान मुले, आणि विरळ, निस्तेज, तांबूस झालेले केस. १९३५ साली त्यांनी त्याला तिथल्या गा भाषेतले ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. पाठचे भावंड झाल्यावर आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्या नावाचा आशय. केस प्रथिनाचा असतो. शरीराला प्रथिन पुरेनासे झाले की पहिली काटछाट केसासारख्या चैनीच्या खात्यावर होते. लॅटिन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या केसांत फिक्या आणि गडद रंगांचे आलटून-पालटून पट्टे पाहिले आणि त्याला ‘झेंड्याची खूण’ म्हटले. फिका पट्टा उपासमारीच्या महिन्यांचा, गडद पट्टा खायला मिळाल्याच्या महिन्यांचा. महिन्याला सव्वा सेंटिमीटर या हिशेबाने ती डोक्यावरची रोजनिशीच होते.

मात्र तांबूस केस दिसला की कुपोषण, असे समीकरण मांडू नये. शेतात, उन्हात वावरणाऱ्या मुलांच्या केसांची टोके उन्हाने तांबूस होतातच. पाहायचे ते मूळ. टोक जुने, मूळ नवे. टोके राठ आणि मुळाशी केस काळेभोर, दाट असतील तर दोष ऊन, साबण, पाणी यांचा. मुळापासूनच केस बारीक, फिका, विरळ येत असेल, सहज हातात येत असेल, मूल मलूल असेल, पाय सुजलेले असतील तर त्याला तेल सांगू नये, डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या मुलींत केस एकाएकी राठ होऊन गळू लागले, थंडी सोसेनाशी झाली, तर थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले असू शकते. तेही तपासून घ्यावे. वर्गशिक्षकाला ही मुळे रोज दिसतात, तेवढी कोणत्याच डॉक्टरला दिसत नाहीत.

आमच्या त्या मुलीचे केस मुळाशी काळेभोर होते. तिचा पुठ्ठा प्रयोगशाळेच्या खिडकीशी टांगला आणि वर्गाने ओल्या-कोरड्या तापमापकाशी ताडून त्यावर खुणा केल्या. केसाची वाढ सगळीकडे सारखी नसते, कोरड्या टोकाला काटा भराभर सरकतो आणि दमट टोकाला अडखळतो, म्हणून खुणा कधीच समान अंतरावर येत नाहीत. त्याबद्दल मुलांनी बरेच वाद घातले. बाकीच्या पाच गटांनी आपले केस धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून, साध्या पाण्यातून काढून पुन्हा लावले, आणि त्यांचेही काटे हलू लागले. खडूच्या धुळीने केस मंदावतो, तेव्हा मऊ कुंचला शुद्ध पाण्यात भिजवून त्यावरून हलकेच फिरवावा लागतो. वेधशाळांतही असेच करीत. दर शनिवारचे ते काम तिने मागून घेतले.